नऊ पानांची वही, तीस वर्षांचं भांडण : गॉर्डन गूल्ड आणि लेसरची पेटंटं

सांजपाऊल (धागाकर्ता)

मागे एका चर्चेत कुणीतरी सहज लिहून गेलं की लेसरचा शोध मैमनने लावला. दुसऱ्याने 'छे, टाउन्स' म्हणून ठणकावलं, आणि तिसऱ्याने गूल्डचं नाव काढल्यावर दोघंही त्याच्यावर तुटून पडले. तेव्हा मी गप्प राहिलो, कारण ते प्रकरण दोन ओळींच्या प्रतिसादात मावणारं नव्हतं. म्हणून हा वेगळा धागा.

१९५७ सालचा ऑक्टोबर. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गॉर्डन गूल्ड पीएचडी करतोय. वय ३७. या वयात पीएचडी अर्धवट का, तर आयुष्य मध्येच दोनदा रुळावरून घसरलेलं. युद्धकाळात अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम मिळालं, पण पहिल्या बायकोबरोबर मार्क्सवादी अभ्यासमंडळात जायचा म्हणून तिथून बाहेर पडावं लागलं. पुढे सिटी कॉलेजात शिकवत होता. १९५४ मध्ये कम्युनिस्टांविषयीच्या चौकशीत सोबत्यांची नावं सांगायला नकार दिला, तर तीही नोकरी गेली. हा भाग मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढे ऐन मोक्याच्या वेळी हेच भूत मानगुटीवर बसणार आहे.

त्याचे मार्गदर्शक पॉलिकार्प कुश, १९५५ चे नोबेल विजेते. प्रयोग थॅलियमच्या अणूंवर, त्यांना प्रकाशाने उत्तेजित करण्याचा. त्याच विभागात चार्ल्स टाउन्स होते, १९५४ मध्ये मेसर चालवून दाखवणारे. मेसर म्हणजे लेसरचा थोरला भाऊ, फक्त प्रकाशाऐवजी सूक्ष्मलहरींचा. तर त्या ऑक्टोबरात टाउन्सनी गूल्डला विचारलं, तुझे ते थॅलियमचे दिवे किती प्रखर असतात? प्रश्न साधाच, पण गूल्डच्या पोटात गोळा आला. हा माणूस मेसर प्रकाशापर्यंत न्यायला निघालाय, हे त्याने ओळखलं, कारण तो स्वतः तेच घोळवत होता.

मग त्याने वही काढली. पहिल्या पानावर शीर्षक, 'लेसरच्या शक्यतेविषयी काही ढोबळ आकडेमोड'. 'लेसर' ही अक्षरं कागदावर उतरली ती इथे. खाली एक नळी, तिच्या दोन्ही टोकांना एकमेकांसमोर समांतर आरसे, प्रकाश पूर्ण न अडवणारे. नळीतल्या उत्तेजित अणूंमधून प्रकाश या आरशांत येरझारा घालतो आणि प्रत्येक फेरीत वाढत जातो. अशी नऊ पानं भरली. १३ नोव्हेंबरला तो ब्राँक्समधल्या घराजवळच्या गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात गेला, कारण दुकानदार नोटरीही होता, आणि पानांवर सही-शिक्के करून घेतले. गंमत म्हणजे नोटरीचं आडनावही गूल्डच. नातं काही नाही.

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं. यानंतरची चूक मात्र त्याला तीस वर्षं पुरली. पेटंटसाठी चालतं यंत्र दाखवावं लागतं अशी त्याची समजूत झाली. तसं काही लागत नाही, वाचून जाणकाराला ते बनवता येईल असं वर्णन पुरतं. पण हा यंत्र बनवण्याच्या मागे लागला. मार्च १९५८ मध्ये पीएचडी सोडून टीआरजी नावाच्या लहानशा संशोधन कंपनीत गेला. इकडे टाउन्स आणि त्यांचे मेहुणे आर्थर शॉलो यांनी बेल लॅब्ज या संशोधन प्रयोगशाळेतर्फे जुलै १९५८ मध्ये अर्ज टाकून दिला. गूल्डचा अर्ज पोचला ६ एप्रिल १९५९ ला.

पुढचं प्रतिसादात लिहितो, हात दुखले.

---

वाचनमात्र

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

शंकासुर

लेख छान. पण एक सरळ शंका. वहीवर नोव्हेंबर १९५७ चा नोटरीचा शिक्का आहे, टाउन्स-शॉलोंचा अर्ज जुलै १९५८ चा. मग भांडण कसलं? तारीख लहान तो जिंकला!

---

कलमबहाद्दर

शंकासुर, तारीख लहान असून भागत नाही, हीच तर मेख आहे. (पोटासाठी पेटंटचे मसुदे लिहितो, म्हणून तोंड घालतोय.)

अमेरिकेत त्या काळी 'आधी शोधणारा' श्रेष्ठ होता, 'आधी अर्ज करणारा' नव्हे. हा नियम थेट मार्च २०१३ पर्यंत टिकला. पण त्याला एक शेपूट होतं. कल्पना तुला आधी सुचली आणि समोरच्याने अर्ज आधी केला, तर समोरच्याच्या अर्जाच्या जरा आधीपासून तुझ्या स्वतःच्या अर्जापर्यंत तू त्या कल्पनेवर नेटाने राबत होतास, हे तुलाच पुराव्यानिशी दाखवावं लागे. म्हणजे गूल्डच्या बाबतीत जुलै १९५८ ते एप्रिल १९५९, साधारण आठ महिने. त्या आठ महिन्यांचा हिशेब त्याला कोर्टाचं समाधान होईल असा मांडता आला नाही. १९६६ मध्ये अपील कोर्टाने टाउन्स-शॉलोंच्या बाजूने निकाल दिला.

नोटरीचा शिक्का सांगतो की अमुक दिवशी ही पानं होती. दुसऱ्या दिवशी उठून तुम्ही काम केलंत की झोपा काढल्यात, हे तो सांगत नाही.

---

टाउन्सपक्षी

धागा वाचनीय, पण गूल्डची आरती जरा लवकर सुरू झाली असं वाटतंय.

टाउन्सच्या वहीत प्रकाशाच्या मेसरची नोंद सप्टेंबर १९५७ ची आहे, आणि त्यांनी ती आपल्या विद्यार्थ्याकडून साक्षीदार म्हणून सही करून ठेवली होती. म्हणजे गूल्डच्या दोन महिने आधी. मेसरचं सगळं शास्त्र टाउन्सचं. गूल्ड त्याच इमारतीत वावरत होता, टाउन्सशी बोललाही होता. डिसेंबर १९५८ मध्ये शॉलो-टाउन्सचा शोधनिबंध फिजिकल रिव्ह्यूमध्ये आला आणि जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या त्या तो वाचून, गूल्डची वही वाचून नव्हे. वही कुणी पाहिलीच नव्हती! १९६४ चं नोबेल टाउन्स, बासोव आणि प्रोखोरोव या तिघांना मिळालं ते उगाच नाही.

---

सांजपाऊल

टाउन्सपक्षी, तुमचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य. विज्ञानात जो छापतो त्याचं श्रेय, यावर माझं काही म्हणणं नाही. पण सप्टेंबरच्या नोंदीत टाउन्सच्या डोक्यात होती ती भोवतीने आरसे असलेली पेटी. दोन टोकांना दोन आरसे आणि बाजू उघड्या, ही रचना शॉलोंनी नंतर सुचवली. गूल्डच्या वहीत ती पहिल्याच पानावर आहे. आज कुठलाही लेसर उघडा, आत काय दिसतं ते तुम्हीच सांगा.

शिवाय टाउन्सना हवं होतं वर्णपटाच्या अभ्यासाचं अवजार. गूल्डला दिसत होतं की एवढी ऊर्जा एका ठिपक्यावर एकवटली तर पदार्थ तापवता येईल, कापता येईल. 'लेसर' हा शब्दही त्याचाच. बेल लॅब्जवाले बरीच वर्षं 'ऑप्टिकल मेसर' म्हणत राहिले. शब्दाची लढाई तरी गूल्ड सहज जिंकला.

आता राहिलेली कथा. टीआरजीने लष्कराच्या संशोधन संस्थेकडे, आर्पाकडे, ३ लाख डॉलर मागितले. आर्पाने दिले ९,९९,०००! मागितल्याच्या तिपटीहून जास्त. सगळे खूश. आणि मग प्रकल्पावर 'गुप्त' असा शिक्का बसला. गुप्त कामासाठी सरकारी क्लिअरन्स लागतो. मार्क्सवादी अभ्यासमंडळ, नावं सांगायला नकार, सगळं जुनं बाड पुन्हा उघडलं गेलं आणि गूल्डला क्लिअरन्स नाकारला. ज्याच्या डोक्यातून प्रकल्प निघाला त्यालाच आत यायला मनाई. त्याचीच टिपणं त्याला वाचता येईनात. सहकारी त्याच्याकडे येऊन प्रश्न विचारणार, हा उत्तरं देणार, पण त्या उत्तरांचं पुढे काय झालं हे ते त्याला सांगू शकत नव्हते.

आणि १६ मे १९६० ला कॅलिफोर्नियात, ह्यूजेसच्या प्रयोगशाळेत, थिओडोर मैमनने चांदीचा मुलामा दिलेल्या टोकांचा माणकाचा छोटासा दंडगोल स्प्रिंगसारख्या वळणाच्या फ्लॅशच्या दिव्यात बसवला आणि जगातला पहिला लेसर चालवून दाखवला. ना टाउन्स, ना गूल्ड.

---

हिरवी_शाई

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ 😀

मैमनचा निबंध एका नामवंत नियतकालिकाने साभार परत केला होता ना? मग नेचरमध्ये छोटासा छापून आला. संपादकमंडळींनो, जपून.

---

शंकासुर

बरं, १९६६ ला गूल्ड हरला. मग हा धागा का? हरलेला माणूस पेटंटवाला कसा झाला?

---

कलमबहाद्दर

आता माझ्या आवडीच्या भागाला आलात. इथे जरा लांबण लावतो, माफी असावी.

लोकांना वाटतं 'लेसरचं पेटंट' असा एकच कागद असतो. तसं नसतं. पेटंटच्या शेवटी क्रमांक घातलेले दावे असतात, त्यांना आम्ही क्लेम म्हणतो. मालकी असते ती फक्त क्लेममध्ये शब्दांनी कुंपण घातलेल्या तुकड्याची. बाकी चित्रं, वर्णन, पार्श्वभूमी, सगळं वाचायला. गूल्डच्या १९५९ च्या जाडजूड अर्जात एकच शोध नव्हता, बरेच होते. पेटंट कार्यालयाने तो फोडायला लावला. एकेक तुकड्यावर वेगवेगळ्या लोकांशी वेगवेगळी भांडणं झाली आणि बरीचशी तो हरला.

टाउन्स-शॉलोंनी जिंकलं ते आरशांच्या पोकळीत प्रकाशाचं आंदोलन घडवणारं यंत्र, म्हणजे ऑसिलेटर. ठीक. पण त्या पोकळीच्या आत काय असतं? प्रकाश वाढवणारा पदार्थ. म्हणजे अॅम्प्लिफायर. आरसे काढून टाका, तरी तो प्रकाश वाढवतोच. गूल्डच्या वकिलांनी उरलेल्या राखेतून नेमकी ही ठिणगी उचलली. मोठं घर गेलं ना, मग घराचा पाया आमचा! आता पायाशिवाय घर बांधून दाखवा.

११ ऑक्टोबर १९७७, पेटंट क्रमांक ४,०५३,८४५, प्रकाशाने पंप केलेले, म्हणजे बाहेरून प्रकाश टाकून अणू उत्तेजित केलेले, लेसर अॅम्प्लिफायर. मैमनचा माणिक कशाने पंप होतो? फ्लॅशच्या प्रकाशाने. कारखान्यांत धातू कापणारे, सैन्यात अंतर मोजणारे, तेव्हाचे घन पदार्थांचे बहुतेक लेसर या कुंपणात आले.

१७ जुलै १९७९, क्रमांक ४,१६१,४३६, लेसरने पदार्थाला ऊर्जा देण्याची पद्धत. म्हणजे तापवणं, कापणं, जोडणं. त्या दिवशी गूल्डचा ५९ वा वाढदिवस होता.

३ नोव्हेंबर १९८७, क्रमांक ४,७०४,५८३, वायूत विजेच्या विसर्गाने चालणारे लेसर. हीलियम-निऑन, कार्बन डायऑक्साइड वगैरे.

२४ मे १९८८, क्रमांक ४,७४६,२०१, नळीच्या टोकाच्या तिरक्या खिडक्या.

आणि टाउन्स-शॉलोंचं पेटंट? मार्च १९६० मध्ये मिळालं होतं. तेव्हा मुदत मंजुरीपासून १७ वर्षं. म्हणजे मार्च १९७७ ला संपलं. गूल्डचं पहिलं मोठं पेटंट सुरू झालं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. एकाचं दुकान बंद झालं आणि सात महिन्यांनी समोर दुसऱ्याचं उघडलं.

---

वाचनमात्र

हे तर अफाटच आहे. म्हणजे हरण्यातच फायदा?

---

कलमबहाद्दर

बऱ्याच अंशी. १९६० मध्ये पेटंट मिळालं असतं तर १९७७ पर्यंतच पुरलं असतं. त्या काळात लेसर म्हणजे बराचसा प्रयोगशाळेतला खेळ. सुपरमार्केटमध्ये बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तोच मुळी जून १९७४ मध्ये, ओहायोतल्या ट्रॉय गावात, हीलियम-निऑन लेसरने. म्हणजे धंदा बाळसं धरायच्या वेळेला कागद निकामी. उलट १९८७ ला वायूचं पेटंट मिळालं तेव्हा समोर भरलेलं ताट होतं.

आता असं होत नाही. जून १९९५ पासूनच्या अर्जांना मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. त्या हिशेबाने १९५९ चा अर्ज १९७९ लाच गारद झाला असता. आणि आजच्या 'आधी अर्ज करणारा' या नियमाखाली तर गूल्डचं प्रकरण एका परिच्छेदात संपलं असतं.

---

टाउन्सपक्षी

म्हणजे माझंच म्हणणं खरं झालं. शोधापेक्षा वकिलांचं कर्तृत्व जास्त. ज्या कंपन्यांनी वीस वर्षं घाम गाळून लेसर विकण्याजोगा केला त्यांच्या दारात हा माणूस १९७७ ला वसुलीला उभा! त्यांना राग येणार नाही तर काय?

---

सांजपाऊल

आलाच राग. कंपन्यांनी एकजूट करून पैसे द्यायला नकार दिला आणि पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणी मागितली. कार्यालयाने आधी दिलेले क्लेम फेरतपासणीत स्वतःच नाकारले. वायूच्या पेटंटसाठी तर गूल्डला कार्यालयाविरुद्धच कोर्टात जावं लागलं. डिसेंबर १९८५ मध्ये न्यायाधीशांनी आदेश दिला की याला पेटंट द्या. कार्यालयाने अपील केलं, ते १९८७ मध्ये फेटाळलं गेलं. त्याच वर्षी फ्लोरिडात ऑरलँडोच्या ज्यूरीने कंट्रोल लेसर या कंपनीविरुद्ध गूल्डच्या बाजूने कौल दिला, आणि नंतरच्या तडजोडीत त्या कंपनीचा ताबाच गूल्डच्या बाजूकडे आला. मग बाकीच्यांनी मुकाट परवाने घेतले.

यात एक हिशेब विसरू नका. एवढी वर्षं वकील पोसायला पैसा आणला कुठून? पेटंटांतला वाटा विकून. आधी न्यूयॉर्कच्या रिफॅक नावाच्या परवाने विकणाऱ्या कंपनीला अर्धा हिस्सा. मग १९७९ मध्ये त्याच कामासाठी पॅटलेक्स ही कंपनी निघाली, तिला आणखी. शेवटी स्वतःच्या पेटंटांतला लहानसाच भाग त्याच्याकडे उरला. तरी तेवढ्यातूनही तो गबर झाला.

बाकी तो नुसता कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसला नव्हता, हेही टाउन्सपक्षींसाठी. १९६२ मध्ये टीआरजीत सिझियमच्या वाफेचा, दिव्याने पंप केलेला लेसर चालवला. वहीतल्याच वाटेचा, धातूची वाफ आणि प्रकाशाचा पंप. १९६६ चा तांब्याच्या वाफेचा लेसरही त्याचा आणि सहकाऱ्यांचा. मग ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापकी, १९७३ ला ऑप्टेलकॉम ही प्रकाशतंतूंची कंपनी. यातल्या एकाबद्दलही कुणी त्याच्याशी भांडलं नाही, म्हणून कुणाला माहीतही नाही.

---

तिरपी_काच

कलमबहाद्दर, तुम्ही तिरक्या खिडक्यांचं पेटंट एका ओळीत उडवलंत याचा निषेध. 😀 माझा आयडी त्याच खिडक्यांवरून आहे.

एमएस्सीला आमच्या प्रयोगशाळेत बाहेर आरसे असलेली हीलियम-निऑनची नळी होती. नळीच्या दोन्ही टोकांना काच, पण सरळ नाही, झुकवलेली. सर विचारायचे, ही वाकडी का? उत्तर असं. काचेवर प्रकाश सरळ पडला तर प्रत्येक पृष्ठावर साधारण ४ टक्के परत फिरतो. एका काचेला दोन पृष्ठं, दोन काचा, म्हणजे एका खेपेत चार वेळा दंड. आणि एवढ्याशा नळीत प्रकाश एका खेपेत वाढणार जेमतेम एक-दोन टक्के. कमाई दोन रुपये, जकात सोळा. लेसर पेटणार कसा? पण काच ब्रूस्टरच्या कोनात ठेवली, साध्या काचेला सुमारे ५६ अंश, तर एका ध्रुवणाचा, म्हणजे एका ठरावीक दिशेत कंप पावणारा, प्रकाश जकात न भरता आरपार जातो. लेसर त्याच ध्रुवणात चालतो.

ही नुसती थिअरी नाही, डोळ्यांनी दिसते. मागचा आरसा जुळवायला मला पहिल्यांदा पूर्ण दुपार लागली होती. स्क्रू केसाएवढा फिरवायचा, श्वास रोखून. अचानक भिंतीवर लाल ठिपका उमटला आणि मी आनंदाने 'आलाऽ' म्हणून ओरडले, तर ठिपका गेला! तोंडाची वाफ खिडकीवर बसली होती. काच कोरडी होईपर्यंत थांबले, ठिपका आपोआप परत आला. तेव्हापासून त्या नळीजवळ कुणी बोलायचं नाही असा नियमच झाला. धूळ बसली तर लेन्सच्या कागदाला अॅसिटोन लावून एकदाच, एकाच दिशेने पुसायचं. दुसऱ्यांदा तोच कागद वापरला की सरांचा ओरडा.

तर ही खिडकी गूल्डने १९५९ च्या अर्जात लिहून ठेवली होती, जगात एकही लेसर पेटायच्या आधी. ज्याने कधी लेसर पाहिला नाही त्याने त्यातली गळती कुठे होईल हे ओळखलं, याला मी वकिलांचं कर्तृत्व म्हणणार नाही.

---

टाउन्सपक्षी

तिरपी_काच, हा मुद्दा चोख आहे. मान्य. श्रेयाबद्दलचं माझं मत तेच, पण 'वकिलांचं कर्तृत्व' हे शब्द मागे घेतो.

---

हिरवी_शाई

आंतरजालावर कुणी शब्द मागे घेतलेले पाहिले. धागा वाचनखुणेत साठवला.

---

शंकासुर

अवांतर: टाउन्स आणि गूल्ड यांचं पुढे कधी जमलं का?

---

सांजपाऊल

शंकासुर, दोघंही आपापल्या म्हणण्यावर शेवटपर्यंत ठाम होते. गूल्डचं नाव १९९१ मध्ये अमेरिकेच्या संशोधकांच्या सन्मानदालनात आलं, टाउन्सचं तिथे आधीच होतं. म्हणजे एका छताखाली आले म्हणायचं. गूल्ड सप्टेंबर २००५ मध्ये गेला. खिडक्यांचं पेटंट १९८८ चं, अधिक १७. तेही त्याच वर्षी मे महिन्यात संपलं होतं.

---

तिरपी_काच

आत्ताच आमच्या जुन्या विभागातल्या मैत्रिणीला फोन केला होता. ती तिथेच शिकवते. म्हटलं, कपाटात एखादी जुनी बंद नळी असेल तर तिच्यावरची चिठ्ठी वाचून दाखव. एक सापडली, काळ्या दंडगोलातली. चिठ्ठीवर धोक्याच्या सूचनेखाली बारीक अक्षरांत परवान्याची ओळ आहे आणि पुढे आकडे. ४,७०४,५८३ आहे त्यात. आम्ही जडसंग्रहाच्या वहीत त्या लेसरचा अनुक्रमांक म्हणून हाच आकडा लिहीत आलो होतो. मैत्रीण म्हणते, आता वही दुरुस्त करायची तर वरिष्ठांची सही लागेल.

---

कलमबहाद्दर

आणि तारीखही घालायला सांगा!